हातभर अंतरावरचं बदक

इंग्लंडात सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ स्लिमब्रिज नावाचं पाणथळ राखीव क्षेत्र आहे, त्यातच पाळीव पाणपक्ष्यांचा संग्रह. तिथे कॅमेरा घेऊन गेलेला नवखा माणूस एका दिवसात असे फोटो काढतो, की भिगवणला हिवाळेच्या हिवाळे घालवलेल्याने तोंडात बोट घालावं. मँडरिन बदकाच्या नारिंगी कल्ल्यांतलं पीस न् पीस मोजता येतं. आयडर नराच्या मानेवरची फिकट पोपटी झाक दिसते. हवाईचा नेने हंस तर इतका जवळ येतो की लेन्स मागे घ्यावी लागते. यावर आपल्याकडच्या जाणत्यांचा शेरा ठरलेला: ‘पाळलेलेच आहेत, त्यात काय मोठंसं?’

हा शेरा मला आळशी वाटतो. पक्षी समोर बसला म्हणजे फोटो आपोआप होत नाही. बदकाच्या डोक्यावरचा हिरवा-जांभळा रंग बराचसा पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. मान जराशी वळली की तेच डोकं काळं पडतं. आयडरच्या अंगावर शुभ्र आणि काळा रंग शेजारीशेजारी. पांढरा सांभाळावा तर काळ्यातला तपशील बुडतो, काळा उजळावा तर पांढरा जळतो. उभ्याने टिपलेलं बदक पाण्यावर चिकटवल्यासारखं दिसतं, म्हणून चिखलात पोट टेकून लेन्स पाण्याच्या पातळीला आणावी लागते. उन्हाळ्याच्या मध्यावर जावं तर बरेच नर रंगीत पिसारा टाकून मादीसारखे मळकट झालेले असतात. हे सारं शिकायला पाळीव संग्रहासारखी शाळा नाही, आणि ते शिकताना रानातला एकही पक्षी उठवावा लागत नाही.

खोट फोटोत नसते, ती त्याखालच्या ओळीत असते. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणारा लांडगा सर्वोत्तम ठरला होता. तो माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. पण परीक्षकांच्या लेखी प्रश्न झेपेच्या सौंदर्याचा नव्हताच.

पाळीव पक्ष्याचा फोटो म्हणजे कमअस्सल, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी गुलाबी डोक्याच्या बदकाकडे पाहावं. पूर्व भारतातल्या उंच गवताच्या दलदलींत राहणारा हा पक्षी गेल्या शतकाच्या मध्यापासून कुणालाही खात्रीने दिसलेला नाही. जिवंतपणीचे त्याचे जे मोजके फोटो आपल्याकडे आहेत, ते १९२० च्या दशकात इंग्लंडच्या सरे परगण्यात, आल्फ्रेड एझ्रा यांच्या खासगी संग्रहात काढलेले. एझ्रा घराणं कलकत्त्याचं. म्हणजे आपल्या मातीतल्या पक्ष्याची ओळख उरली ती परक्या तळ्याकाठी, कुंपणात.

तरी स्लिमब्रिजमधल्या फोटोंत एक गोष्ट सहसा येत नाही. बदक पाण्यातून उभं राहून पंख फडफडवतं, तो क्षण टिपायला सगळेच टपलेले असतात. पण संग्रहातल्या पक्ष्याने पंख पसरले, की अनेकदा एक बाजू आखूड दिसते. पिल्लू काही दिवसांचं असतानाच एका पंखाचं टोक कापण्याची पद्धत अशा संग्रहांत जुनी आहे. उडायची मोठी पिसं त्या बाजूला येतच नाहीत आणि जन्मभर तोल साधत नाही. ती फ्रेम बहुतेक जण खोडून टाकतात. माझ्या मते तीच ठेवायला हवी, कारण पक्षी हातभर अंतरावर का थांबला याचं उत्तर तिच्यात आहे. त्या जवळिकीची किंमत पक्ष्याने आधीच चुकती केलेली असते.

त्या किमतीतून काही हाती लागलं, हेही खरं. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉट यांचा मुलगा पीटर स्कॉट तरुणपणी बंदुकीने हंस टिपायचा. १९४६ मध्ये त्यानेच स्लिमब्रिजचं केंद्र उभारलं. हवाईत नेने हंस जेमतेम तीसेक उरले होते, तेव्हा १९५० च्या सुमारास काही स्लिमब्रिजला आणले गेले. तिथे वाढलेली पिल्लं १९६० च्या दशकात हवाईला परत नेऊन सोडली. आज हवाईत नेने हजारोंनी आहेत. पण याच संग्रहातल्या अमेरिकन रडी बदकांची पंख न कापलेली काही पिल्लं १९५० च्या दशकात उडून गेली. त्यांचा वंश ब्रिटनभर पसरला, पुढे स्पेनपर्यंत पोचला, आणि तिथल्या पांढऱ्या डोक्याच्या दुर्मिळ बदकाशी त्याचा संकर होऊ लागला. ते बदक स्पेनमध्ये १९७७ साली अवघं २२ उरलं होतं. शेवटी ब्रिटनमध्ये हजारो रडी बदकांना गोळ्या घालाव्या लागल्या. पंख कापणं क्रूर म्हणावं, तर न कापण्याचा हिशेब हा असा.

आता भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. इथे कुणाचे पंख कापलेले नाहीत, म्हणून आपण स्वतःला स्वच्छ समजतो. पण समाजमाध्यमांवर रोज दिसणाऱ्या अतिजवळच्या फोटोंनी नजरेला एक सवय लावली आहे, आणि त्यांतले कितीतरी संग्रहातले असून तसं लिहिलेलं नसतं. ती सवय घेऊन माणूस नावेत बसतो आणि नावाड्याला म्हणतो, ‘दादा, अजून थोडं पुढं घ्या.’ नावाडी मासेमारीवर जगलेला. हिवाळ्यात पाहुणा खूश झाला तर चार पैसे जास्त सुटतात. नाव पुढे जाते, थवा उठतो, ‘फ्लाइट शॉट’ मिळतो. रोहिताला उडण्याआधी पाण्यावरून बरंच धावावं लागतं. फोटोत ते देखणं दिसतं. पक्ष्याच्या लेखी ती खाण्यातून उठून केलेली मेहनत असते. दुसरी नाव आली की पुन्हा तेच. नावाड्याला दोष देणं सोपं आहे. पण ‘इथंच थांबा, इंजिन बंद करा, पैसे तेवढेच देतो’ हे वाक्य पाहुण्याने बोलायचं असतं. ते मी फार क्वचित ऐकलं आहे.

स्लिमब्रिजमध्येच एक तिसरी तऱ्हाही आहे. रशियाच्या उत्तर टोकाकडून बिविक हंस दर हिवाळ्यात तिथे स्वतःहून येतात. चोचीवरच्या काळ्या-पिवळ्या नक्षीवरून प्रत्येक हंस वेगळा ओळखता येतो, हे स्कॉटने १९६४ मध्ये घराच्या खिडकीतून पाहता पाहता हेरलं आणि त्यांचे चेहरे रेखाटून ठेवायला सुरुवात केली. दाणे टाकले जातात, हंस जवळ येतात; माणसं काचेच्या आड असतात. ही जवळीक हंसांनी दिलेली आहे आणि ती ते काढूनही घेतात. अलीकडे युरोपातले हिवाळे सौम्य झाल्याने त्यांच्यातले बरेच वाटेतच, आणखी पूर्वेला मुक्काम करतात. स्लिमब्रिजच्या तळ्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी कमी उतरतात. ज्याला त्यांचा फोटो हवाच आहे, त्याने आता नेदरलँड्स-जर्मनीकडचं तिकीट काढावं आणि लांब पल्ल्याची लेन्स सोबत घ्यावी.