प्रश्न विचारणाऱ्या मुलांस गोष्ट सांगावी

सन १९९३ च्या सप्टेंबर महिन्याची ३० तारीख लातूर जिल्ह्यातील कोणासही विसरता येत नाही. त्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या आसमंतात भूमी हादरली. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे १०,००० माणसे प्राणास मुकली. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो व एका वसतिगृहात राहून शिकत होतो. आमच्या खोलीत किल्लारीकडचा एक मुलगा असे. त्याची चार वर्षांची बहीण माळवदाखाली सापडून गेली.

काही आठवड्यांनी तो मुलगा परत आला. संध्याकाळच्या प्रार्थनेत एका वृद्ध उपदेशकांनी समजावून सांगितले की, लोकांची पापे फार झाली म्हणून हा प्रसंग आला. तेव्हा तो मुलगा उभा राहिला व म्हणाला, "मग माझ्या बहिणीनं काय केलं होतं?" उत्तर मिळाले, "देवाला असे प्रश्न विचारू नयेत. बस खाली." तो खाली बसला. त्यानंतर प्रार्थनेत त्याने कधी तोंड उघडले नाही, आणि शाळा संपल्यावर मंडळीत त्याचे पाऊलही पडले नाही. उपदेशक मनाचे वाईट नव्हते, त्यांजपाशी दुसरे उत्तर नव्हते, इतकेच. परंतु आम्ही स्वतः पाळक झाल्यापासून तो मुलगा पुष्कळदा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

प्रिय वाचकहो, त्या मुलाने जे विचारले त्यासच तत्त्वज्ञान म्हणतात. हा शब्द ऐकला म्हणजे आपणांस जाड ग्रंथ व पिकल्या दाढीचे पंडित आठवतात; ते आपल्या शेतकरी, मजूर मंडळींच्या मुलांचे काम नव्हे असे वाटते. पण निरपराध्यास दुःख का होते, चांगले म्हणजे काय, जे दिसते तेच खरे की काय, हे प्रश्न काही विद्यापीठात जन्मत नाहीत. ते सरपण आणताना, गुरे राखताना, तिरडीमागे चालताना जन्मतात. आपल्या मुलांपाशी प्रश्न आधीच आहेत. ते कोणत्या रीतीने हाती घ्यावेत एवढेच आपणांस शिकावयाचे आहे. आमचा अनुभव असा की, त्यास गोष्टीसारखे दुसरे साधन नाही.

ही रीत आपल्या देशास नवी नाही. पंचतंत्राच्या आरंभीच सांगितले आहे की, दक्षिणेतील महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती ह्याचे तीन पुत्र अगदी मठ्ठ होते. शास्त्रे पढविण्यास बारा वर्षे लागतील असे इतर पंडित म्हणाले, तेव्हा विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत त्यांस शहाणे करण्याचे पत्करले, आणि ते कोल्ह्याबैलांच्या गोष्टी सांगून. आपल्या मराठी भाषेत महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गोदावरीच्या काठी पैठणास व इतरत्र हिंडताना असेच दृष्टांत सांगत. केशिराजबास ह्यांनी ते तेराव्या शतकाच्या अखेरीस 'दृष्टांतपाठ' ह्या ग्रंथात एकत्र केले. हत्ती चाचपून पाहणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यात आहे. त्या ग्रंथाची मांडणी पाहण्याजोगी आहे: प्रथम सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टांतिक म्हणजे गोष्टीचा सूत्राशी लागणारा संबंध.

आमच्या मते आपली चूक ह्या ठिकाणी होते. आपण गोष्ट घाईने संपवितो व 'तात्पर्य' मोठ्याने सांगतो. मूल तात्पर्य पाठ करते, गोष्ट विसरते, आणि विचार तर मुळीच करीत नाही. दळण घरी आणावे, पण जाते मुलाने स्वतः ओढावे. आपण आयते पीठच त्याच्या पदरात टाकतो.

गेल्या वर्षी आमच्या शाब्बाथशाळेत एका मुलीने तोच जुना प्रश्न आम्हांस विचारला. तिच्या आजीने तिला भूकंपाची हकिकत सांगितली होती. "पाळकसाहेब, देव चांगला आहे तर लहान लेकरं का मेली?" आम्ही उत्तर देण्यास तोंड उघडले, आणि आमच्या तोंडी त्या वृद्ध उपदेशकांचेच शब्द येऊ लागले आहेत असे आमच्या ध्यानात आले. आम्ही थांबलो, व मुलांस एक गोष्ट सांगितली. ती अशी:

कांदीद नावाचा एक भोळा तरुण होता. त्याच्या गुरूचे नाव पांग्लॉस. जगात जे जे घडते ते ते सर्वोत्तमच घडते, अशी ह्या गुरूची शिकवण. दोघे एका दयाळू मनुष्याबरोबर गलबतातून लिस्बन शहरी चालले असता तुफान झाले. एक दुष्ट खलाशी समुद्रात पडू लागला. त्यास वाचविताना तो दयाळू मनुष्य स्वतःच लाटांत गेला, आणि खलाशी जगला. कांदीद उपकारकर्त्यामागे उडी घालणार, तोच गुरूने त्यास आवरले व सिद्ध करून दाखविले की, हा मनुष्य बुडावा म्हणूनच ही खाडी निर्माण झाली आहे. पुढे ते शहरात पोहोचतात तोच भूकंप होतो. दगड लागून कांदीद रस्त्यात घायाळ पडतो व थोडे तेल आणि थोडा द्राक्षारस मागतो. गुरू त्याच्यापाशी उभे राहून भूकंप कोणत्या कारणाने होतात ह्याचे विवेचन करू लागतात. ऐकता ऐकता कांदीद मूर्च्छित होतो, तेव्हा कोठे गुरू पाणी आणावयास धावतात.

येथे आम्ही थांबलो. तात्पर्य सांगितले नाही. वर्ग काही वेळ गप्प होता. मग एक मुलगा म्हणाला, "आधी दगड काढायचे होते ना!" दुसरा म्हणाला, "गुरुजी खोटं बोलत नव्हते, पण त्यांना दिसत नव्हतं." एकीने विचारले, "दगडाखाली गुरुजीच असते तर त्यांनी असंच म्हटलं असतं का?" आणि जिने प्रथम प्रश्न केला होता ती सर्वांच्या शेवटी म्हणाली, "त्याने तेल नि द्राक्षारस मागितला. चांगल्या शोमरोन्याकडे तेच होतं." वाचकहो, आम्ही वेदशाळेत पुष्कळ पुस्तके वाचली, पण त्या दोन गोष्टी अशा जोडून पाहण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

ही गोष्ट कोठून आली तेही सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मंदिरांत जमले असता पोर्तुगाल देशाच्या लिस्बन राजधानीत प्रचंड भूकंप झाला. मागून समुद्र चढला व शहरास आग लागली. हजारो लोक मेले. लायब्निझ ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याने मांडले होते की, देवाने निर्माण केलेले हे जग संभाव्य जगांत सर्वोत्तम होय. फ्रान्सातील लेखक व्हॉल्तेर ह्याने ते मत लिस्बनच्या ढिगाऱ्यापाशी आणून तपासले, आणि १७५९ साली 'कांदीद' ही कथा लिहिली. तीत पुढे असेही आहे की, पुन्हा भूकंप होऊ नये म्हणून शहरातील शहाण्यांनी काही माणसांस अपराधी ठरवून जाळले, आणि त्याच दिवशी भूमी पुन्हा हादरली. ते पुस्तक जसेच्या तसे मुलांच्या हाती देण्याजोगे नाही. त्यात ग्राम्य प्रसंग आहेत, आणि आम्हां पाळकवर्गाची थट्टाही आहे. ती थट्टा आम्ही निमूटपणे सोसली. उपदेशकाने स्वतः वाचून, निवडून, तोंडी गोष्ट सांगावी हे उत्तम.

त्याच वेळी रूसो ह्याने व्हॉल्तेरास १७५६ साली एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, लिस्बनात सहा सहा, सात सात मजल्यांची हजारो घरे एकमेकांस खेटून निसर्गाने बांधली नव्हती. हे ऐकून आमच्या वर्गातील मुलांनी आपल्या घरांकडे पाहिले. किल्लारी भागातील जुनी घरे म्हणजे जाड दगडी भिंती, दगडांत चुन्याऐवजी चिखल, आणि वर लाकडांवर मातीचे जड माळवद. भिंत फाकली की सर्व ओझे निजलेल्या माणसांवर आले. भूमी हादरली हे खरे, पण बहुतेकांस मारले ते घराने. पुढे कित्येक गावे नव्या जागी वसविण्यात आली, व हलक्या छपरांची, मजबूत सांध्यांची घरे बांधण्यात आली. म्हणजे 'देवाने असे का केले' ह्या प्रश्नाच्या पोटी 'आम्ही काय केले, व आता काय करावे' हा दुसरा प्रश्न निघाला. पहिला त्यामुळे मिटला नाही. रूसोचे पत्र वाचून कोणा आईचे रडे थांबणार नाही. परंतु एका प्रश्नाचे दोन प्रश्न होतात हे कळणे, हीच विचाराची पहिली पायरी होय.

आपल्या शास्त्रातही ह्याच प्रश्नाचे एक पुस्तक आहे. ईयोबाचा ग्रंथ इतिहास की काव्य, हा वाद विद्वानांनी करावा. त्याची मांडणी मात्र गोष्टीची व संवादाची आहे. ईयोबाची मुले कशाने मेली? वाऱ्याने घर कोसळून, घराखाली सापडून. किल्लारीच्या मनुष्यास हे अधिक समजावून सांगावे लागत नाही. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट बसले. तेवढे त्यांनी बरे केले. मग ते बोलू लागले, आणि आमचे वृद्ध उपदेशक जे बोलले तेच बोलले: तू किंवा तुझ्या मुलांनी पाप केले असेल. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप कोणावर झाला? प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. उत्तरे पाठ असलेल्या मित्रांवर. हा शेवट जर १९९३ साली त्या संध्याकाळी कोणी वाचून दाखविला असता!

आता गोष्टच का, सरळ पाठ का नको? ह्याचे कारण आपल्या गावांच्या रीतीत आहे. आपल्याकडे मूल वडिलांच्या शब्दाबाहेर जात नाही. ही मर्यादा चांगली आहे, तथापि तिच्यामुळे मुलास 'हे मला पटत नाही' असे म्हणण्यास जागाच उरत नाही. गोष्ट ती जागा देते. मूल आपल्या पाळकास चुकलात असे म्हणणार नाही, पण पांग्लॉस चुकला असे खुशाल म्हणेल. बिल्दद शूही निष्ठुर आहे असे मोठ्याने म्हणेल. उद्धटपणा न करता ते न्याय करावयास शिकते. मोठ्यांचेही असेच आहे. दावीद राजास 'तू अपराधी आहेस' असे नाथान संदेष्ट्याने प्रथम सांगितले असते, तर राजाने त्याचे ऐकून घेतले असते की नाही, देव जाणे. त्याने गरिबाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगितली. राजाने आपल्याच तोंडाने निवाडा केला, आणि मग त्यास कळले की तो मनुष्य आपणच.

कोणी म्हणतील, कल्पित गोष्टी खोट्या. त्या भाविकांनी का वाचाव्यात? जेथे फसविण्याचा हेतू नाही तेथे खोटेपणाही नाही. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याने १८१५ सालीच हितोपदेश मराठीत छापला. १८५७ साली बाबा पदमनजी ह्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणले जाणारे हे पुस्तक एका नैतिक प्रश्नासाठीच लिहिले गेले. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासात विधवांची दुःखे पाहते, आणि पुढे तीच विधवा होते. वाचक परक्यांचे दुःख पाहता पाहता त्यात स्वतः जाऊन उभा राहतो. जवळच्या काळातील उदाहरण पाहिजे तर नॉर्वे देशातील योस्टेन गार्डर ह्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने १९९१ साली सोफी नावाच्या मुलीची कादंबरी लिहून सगळा पाश्चात्त्य विचारांचा इतिहास तीत सांगितला. त्या मुलीस प्रथम मिळते ती एक चिठ्ठी, व त्या चिठ्ठीत केवळ एक प्रश्न.

दुसरे कोणी म्हणतील, मुले असे प्रश्न करू लागली तर त्यांचा विश्वास ढळेल. ही भीती आम्हांसही होती. पण आमच्या खोलीतील तो मुलगा प्रश्नाने दूर गेला नाही. प्रश्न घेऊन तर तो आपल्याकडेच आला होता. तो गेला तो 'बस खाली' ह्या शब्दांनी.

म्हणून गावोगावच्या उपदेशक बंधूंस व मातापित्यांस आमची विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांस गोष्ट सांगा. ईसापाची चालेल, दृष्टांतपाठातील चालेल, ईयोबाची चालेल. तात्पर्य सांगू नका. "तुम्ही त्याच्या जागी असता तर?" एवढे विचारा आणि मुलांच्या उत्तराची वाट पाहा. वाट पाहणे फार जड जाते. आम्हांस अजूनही जाते. ज्या प्रश्नास आपणांपाशी उत्तर नाही, तेथे 'मलाही ठाऊक नाही' असे म्हणण्याची लाज बाळगू नका. ईयोबाचे मित्र गप्प होते तोवरच मित्र होते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. ती दर रविवारी येते, व नवी गोष्ट मागते.