कुत्र्याविना एक फेरी

ॲजिलिटी म्हणजे कुत्र्यांचा अडथळ्यांचा खेळ. त्याच्या स्पर्धेत कुत्रा धावण्याआधी एक छोटीशी गोष्ट घडते. प्रेक्षकांचं तिच्याकडे सहसा लक्ष नसतं. मैदानात उड्यांच्या दांड्या, बोगदे, चढउताराच्या फळ्या मांडून झालेल्या असतात. कुठल्यानंतर काय, ते सांगणारे आकडे लावलेले असतात. मग कुत्र्यांना धावताना वाट दाखवणारी माणसं आत येतात. कुत्रे बाहेरच राहतात. आणि ही मोठी माणसं त्या मैदानात एकेकटी चालू लागतात. हात बाजूला धरलेला, नजर गुडघ्याच्या उंचीवर, जिथे कुणीही नाही. मध्येच थबकतात. खांदा वळवतात. दोन पावलं मागे येऊन तेच वळण पुन्हा घेऊन बघतात.

वाट पाठ करायची ती माणसानं. कुत्र्याला ती आधी दाखवायची नाही, असा नियमच आहे. तो आत येईल तेव्हा ती मांडणी त्याला सर्वस्वी नवी असेल, आणि तरीही तो जीव खाऊन धावेल.

हा खेळ तसा तरुण आहे. १९७८ साली लंडनमध्ये भरलेल्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला मोकळा वेळ भरायला तो पहिल्यांदा सादर झाला. कल्पना जॉन व्हार्ली यांची. ती मैदानात उतरवली प्रशिक्षक पीटर मीनवेल यांनी. डोळ्यांसमोर घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती होत्या. पण घोड्यावर स्वार असतो, हातात लगाम असतो. इथे साखळीसुद्धा नाही. धाव चालू असताना कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही. दोघांमध्ये उरते ती नुसती मोकळी जागा.

ही जागा शब्दांनी भरायची, असं क्लासमध्ये नव्यानं येणाऱ्याला वाटतं. तो प्रत्येक अडथळ्याला एक शब्द ठरवतो. कुत्रा ते शब्द शिकतोही. पण धाव सुरू होते आणि तोंड म्हणतं ‘जंप’, पाय मात्र बोगद्याकडे वळलेले असतात. कुत्रा बोगद्यात शिरतो. माणूस म्हणतो, यानं ऐकलं नाही. खरं तर त्यानं ऐकलेलं असतं. तोंडापेक्षा पायांचं ऐकलेलं असतं.

कुत्रा माणसाच्या पायांची बोटं कुठे वळली आहेत ते बघतो. खांदा कुठे उघडला, चाल मंदावली की वाढली, ते बघतो. माणूस मंदावला, तर पुढे जवळचं वळण आहे. तो पळतच राहिला, तर सरळ लांब जायचं आहे. यातलं पुष्कळसं त्याला मुद्दाम शिकवावंही लागत नाही. शिकायचं असतं ते आपल्याला, आपलं अंग काय बोलतंय याचं भान ठेवायला. मनात दुसरंच काही असेल, तर तेही अंगात उतरतं. आणि कुत्रा त्यावरही विश्वास ठेवतो.

वेळेचंही तसंच. वळायचं आहे हे कुत्र्याला कळायला हवं ते त्यानं जमीन सोडण्याआधी. पाय उचलण्यापूर्वीच तो आपलं अंग तोलून घेतो. एकदा हवेत गेल्यावर मारलेली हाक ही हाक कसली! तिनं फक्त गोंधळ होतो. मागचे पाय लागून दांडी पडते. अशा पडलेल्या दांड्या पाहिल्या की मला वाटतं, या चुका कुत्र्याच्या नावावर मांडल्या जातात आणि तो बिचारा त्या मुकाट्यानं वाहतो.

काही ठिकाणी मात्र बाजूला व्हावं लागतं. ओळीनं रोवलेल्या काठ्यांमधून कुत्र्यानं नागमोडी जायचं असतं. मोठ्या स्पर्धांत १२ काठ्या असतात. पहिली काठी नेहमी डाव्या खांद्याशी ठेवून आत शिरायचं. ते शिरणं त्याचं त्यानं शोधायचं असतं, कुठल्याही कोनातून येताना. आपण शेजारी घुटमळलो, वाकून हात नाचवले, की त्याचं लक्ष काठ्यांवरून आपल्यावर येतं आणि लय मोडते. त्याच्यापासून चार हात लांब राहून आपल्या चालीनं चालत राहणं, हे नव्या माणसाला सगळ्यात अवघड जातं. मला ते फार समजण्यासारखं वाटतं. जिथे जीव गुंतलेला असतो, तिथे हात आवरत नाही.

अंगानं नीट बोलता यावं म्हणून काही प्रशिक्षक एक सराव घेतात. पूर्ण फेरी धावायची, पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही. सुरुवातीला माणसं ओठ घट्ट मिटून धावतात आणि अवघडतात. आवाज नाही म्हटल्यावर वळण लवकर दाखवावं लागतं, पाय नेमके टाकावे लागतात, नजर पुढच्या दांडीवर ठेवावी लागते. आजवर ओरडण्यात झाकलं गेलेलं सगळं उघडं पडतं. कुत्रे मात्र फारसे बिचकत नाहीत. पुष्कळदा ते नेहमीपेक्षा नीट धावतात.