चीवराचा हिशेब

थायलंडमध्ये भल्या पहाटे अनवाणी भिक्षूच्या पात्रात भात वाढणाऱ्या, वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपल्यावर ‘कठिन’ समारंभात चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, अर्पण करणाऱ्या आणि अंगणातल्या वास्तुदेवतेच्या चिमुकल्या देव्हाऱ्यापुढेही फुले ठेवणाऱ्या गृहस्थाकडे पाहून परका अभ्यासक बहुधा असा निष्कर्ष काढतो की, अनात्म आणि निर्वाण शिकवणारा धर्म येथे पुण्याच्या देवघेवीवर येऊन थांबला आहे. थाई भाषेत या पुण्यकर्माला ‘थाम बुन’ म्हणतात. त्यातला ‘बुन’ म्हणजे पालीतला ‘पुञ्ञ’, मराठीतले पुण्यच. ग्रंथातला धर्म तेवढा अस्सल आणि आचारातला भेसळीचा, हे या निष्कर्षामागचे गृहीतक नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, लोकांच्या तोंडच्या पांडवलेण्यांत, टिकत नाही.

तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने अक्षयनीवीचा, म्हणजे मुद्दल कायम ठेवून केवळ व्याज वापरायच्या ठेवीचा, लेख कोरवून घेतला आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक दराने आणि दुसरीकडे 1000 कार्षापण पाऊण टक्क्याने ठेवले होते. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे, म्हणजे हिशेब पैशापर्यंत जुळतो. याच दात्याने ब्राह्मणांना गायी आणि गावे दिल्याचेही त्याच लेण्यात नोंदले आहे. तेव्हा दानाचा चोख हिशेब आणि अन्य दैवतांशी सलोखा यांना थाई अधःपात म्हणायचे, तर तो सुमारे एकोणीस शतकांपूर्वीच गोदाकाठी झाला होता असे म्हणावे लागेल!

मात्र नाशिकचा आजचा बौद्ध या परंपरेचा सरळ वारस नव्हे. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा प्रवेश-सत्याग्रह, डॉ. आंबेडकरांची 13 ऑक्टोबर 1935 ची येवल्याची धर्मांतराची घोषणा आणि 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूरची दीक्षा या वाटेने तो धम्माकडे आला. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांनी जुन्या दैवतांची पूजा त्याने सोडली, त्यामुळे थाई अंगणातला सलोखा त्याला मानवणारा नाही. भिक्षू हा स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष की समाजाचा सेवक, हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभी उपस्थित केला होता, आणि त्याचे उत्तर वस्त्यांमधल्या विहारांनी आपल्या परीने दिले आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तेथे संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर पांढऱ्या वस्त्रांतल्या स्त्रीपुरुषांपुढे याच ग्रंथाचे वाचन होते, सांगतेला खीर वाटली जाते, आणि वाचणारा पुष्कळदा कामावरून परतलेला एखादा उपासक असतो. वर्षावास तोच, परंतु त्याचे केंद्र भिक्षूकडून गृहस्थाकडे सरकले आहे. अशा सांगतेला बँकॉकचा एखादा भाविक चीवर घेऊन आला, तर परका म्हणून गोंधळण्याची पाळी त्याच्यावर येईल, कारण ते द्यायचे कोणाला, हेच त्याला कळणार नाही.