पिनीच्या जागी तार

वाक खाली आणि बघ. टाय रॉड एंडच्या कॅसल नटात तू तार पिळून घातली आहेस. वर मला सांगतोस, "सर, स्प्लिट पिन नव्हती, तेवढ्यापुरतं चालतं." तेवढ्यापुरतं म्हणजे कुठपर्यंत? ओतूरपर्यंत, की माळशेज घाट उतरेपर्यंत?

पंधरा वर्षांची पिकअप आहे ही. रोज रात्री टोमॅटोचे क्रेट भरून कल्याणला जाते. खड्ड्याखड्ड्याला हिसके बसणार, तार तुटणार, नट फिरत फिरत उतरणार. एकदा जोड सुटला की दोन चाकं दोन दिशांना तोंड करतात. ड्रायव्हर स्टेअरिंग फिरवत राहतो आणि एक चाक त्याचं ऐकतच नाही. घाटातल्या वळणावर त्याने काय करायचं, सांग ना!

आणि या बाजूचं रबर फाटलेलं तुला दिसलं होतं, तरी जॉब कार्डावर लिहिलं नाहीस. याचा मला जास्त राग आहे. फाटल्या रबरातून पाणी, माती आत जाते, ग्रीस धुऊन निघतं, बॉल कोरडा घासतो आणि शेवटी खोबणीतून निसटतो. त्याआधी गाडी कितीतरी दिवस सांगत असते. स्टेअरिंगला प्ले येतो, टायर एका कडेने खातो. ते ओळखण्यासाठीच तुला इथे शिकवतोय.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ९८. स्टेअरिंगला ३० अंशांहून जास्त प्ले नको, बॉल जॉइंटला रबरी टोपी हवी, बोल्ट-पिना पक्क्या लॉक हव्यात. तुझ्या वहीत आहे, मीच तपासलीय.

नुसतं जॅकवर चढवून चाक हलवलंस आणि "प्ले नाही" म्हणालास. चाकं जमिनीवर असताना एकाने स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून जोडावर बोटं ठेवायची. गाडीचं वजन अंगावर असलं की सांधा खरं बोलतो.

दोन्ही एंड काढ, नवे बसव. खाच आणि भोक जुळलं नाही तर नट थोडा आणखी आवळायचा; सैल करून जुळवायचा नाही. पिन नवीकोरी घालायची, जुनी ठोकून सरळ केलेली नको. मग टो-इन. उशीर होईल, मालकाशी मी बोलतो.

ड्रायव्हर बाहेर बसलाय. सोबत त्याचा पोरगा आहे, आज शेजारच्या सीटवर बसून तोही जाणार आहे. काम झालं की हाक मार. तू स्टेअरिंग हलव, खाली मी झोपतो.