बागेची टक्केवारी आणि वाटेचा हक्क

सुरतेच्या वाढत्या हद्दीत उभ्या राहणाऱ्या वसाहतींमध्ये उद्यानांसाठी किती जमीन सोडावी, ही चर्चा टक्केवारी आणि दरडोई चौरस मीटर यांच्यापलीकडे जाताना दिसत नाही. गुजरात नगररचना व शहरी विकास अधिनियम, १९७६ खाली आखल्या जाणाऱ्या टीपी स्कीममध्ये शेतजमिनी एकत्र केल्या जातात, रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी त्यांतला काही हिस्सा काढला जातो आणि उरलेल्या जमिनीचे नव्या आकाराचे ‘अंतिम भूखंड’ मूळ मालकांना परत मिळतात. या काढलेल्या हिश्श्यात बागा, मैदाने व मोकळ्या जागांचा वाटा साधारण ५ टक्के धरलेला आहे. तो पुरेसा की अपुरा यावर हिरिरीने वाद होतो, परंतु ती जमीन नकाशावर कुठे पडते आणि तिच्यातून कोणाला ये-जा करता येते, हे क्वचितच विचारले जाते.

जमीन महाग असल्याने बागा परवडत नाहीत, हे म्हणणे खोडण्याचीही गरज नाही, कारण त्या बागांच्या नावावरच शेजारचे फ्लॅट महाग विकले जातात. गांभीर्याने घ्यावे असे म्हणणे दुसरेच आहे. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना १० टक्के जागा ‘कॉमन प्लॉट’ म्हणून, म्हणजे सोसायटीच्या सभासदांची सामाईक जागा म्हणून, सोडावी लागते. ती कुंपणाआड असल्याने नीटनेटकी राहते, उलट महापालिकेच्या बागेला कोणी वाली नसतो, तेव्हा मोकळ्या जागेचा भार सोसायट्यांवरच सोपवावा, असा हा युक्तिवाद आहे. त्यात निगेचे श्रेय कुंपणाला दिले जाते, वस्तुतः ते सभासदांच्या वर्गणीचे असते. शिवाय हीच जागा नवरात्रात गरब्याला, लग्नसराईत मांडवाला आणि एरवी गाड्या लावायला वापरली जाते. हे वापर गैर नाहीत, पण त्यांना उद्यान म्हणता येत नाही. सर्वांत गंभीर बाब ही, की लिंबायत वा डिंडोलीत एका खोलीत राहणाऱ्या खानदेशी कारागिराच्या मुलाला अशी कोणतीही सोसायटी नसते. आणि अशा शंभर कॉमन प्लॉटांची बेरीज केली, तरी तिच्यातून शंभर पावलांची सलग वाट निघत नाही, कारण प्रत्येकाच्या चारही बाजूंना भिंत असते.

म्हणून खरा भेद सार्वजनिक आणि खाजगी बागेत नाही, तो थांबण्याची जागा आणि जाण्याची वाट यांच्यातला आहे. न्यू जर्सीतील रॅडबर्न या १९२९ च्या वसाहतीत पायवाटा व हिरवळ हाच आराखड्याचा कणा होता आणि घरे त्याभोवती मांडली गेली. सुरतेला असा कणा निसर्गाने आधीच दिलेला आहे: मिठी, कोयली, कांकरा या खाड्या पावसाळ्यात काठच्या वस्त्यांत शिरतात, आणि या ‘खाडीपुरा’च्या पट्ट्यात इमारत बांधणे हाच मुळात अविवेक आहे. आल्थाण परिसरात कांकरा खाडीकाठी जैवविविधता उद्यान हाती घेतले गेले, ही योग्य दिशा आहे. परंतु ते एकटे उद्यान आहे, आणि त्याच्यापर्यंत घरापासून चालत जाता येईल अशा वाटा शेजारच्या स्कीमांमध्ये आखल्या गेल्या नाहीत, तर लोक तिथे दुचाकीवरूनच जातील.

वाटेला बागेपेक्षा वेगळे स्थान देण्याचे कारण कायद्यातही सापडते. स्कीमच्या मसुद्याला सरकारी मंजुरी मिळाली, की रस्ते, गटारे, दिवे आणि पाणीपुरवठा यांसाठी लागणारी जमीन प्राधिकरणाकडे येते. बागेची जमीन या यादीत नाही, तिला पुढच्या टप्प्यांची वाट पाहावी लागते आणि तोवर आजूबाजूला कुंपणे उभी राहतात. तेव्हा खाडीकाठची पायवाट उद्यानाच्या पाच टक्क्यांत न मोजता मसुद्यातच रस्ता म्हणून दाखवावी, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या अंतिम भूखंडांच्या सीमा त्यानंतरच ठरवाव्यात.