ट्रस्ट काढण्याआधी

निवृत्तीचे पैसे हाती आले, मुलं पुण्या-बंगळूरला स्थिरावली, की नागपुरात सीताबर्डीतल्या माझ्या ऑफिसात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘वकीलसाहेब, आईच्या नावानं ट्रस्ट काढायचा आहे.’ टेबलावर प्लास्टिकची पिशवी येते. आत एफडीच्या पावत्या, फ्लॅटचं खरेदीखत, पेन्शनचं पासबुक. मी विचारतो, ‘काकाजी, तुमच्यामागं हे पाहणार कोण?’

‘पाहतील ना कोणीतरी.’

मी पाहिलेले कितीतरी छोटे ट्रस्ट या ‘कोणीतरी’पाशीच अडले. १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी होऊन जाते हो, पण पुढं दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी. संस्थापक जातो, दोन विश्वस्तांचं पटत नाही, तिसरा परदेशात. शेड्यूल वनवर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीवर, गेलेल्या माणसांची नावं तशीच राहतात आणि बँकेत सही करायला कुणी उरत नाही.

याच्या अगदी उलटं उदाहरण बर्डीहून अमरावती रोडला लागलं की दिसतं. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३०च्या मृत्युपत्रानं सुमारे ३५ लाखांची मालमत्ता नागपूर विद्यापीठाला दिली. विद्यापीठ १९२३चं, म्हणजे जेमतेम सात वर्षांचं. त्यांनी इमारत सांगितली नाही, विषय सांगितला : उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राचं शिक्षण. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एलआयटी, उभी राहायला १९४२ उजाडलं. दाता नव्हता, तरी पैसा वाट चुकला नाही, कारण तो एका माणसाच्या नव्हे, संस्थेच्या हाती होता. २०२३ मध्ये एलआयटीचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, नाव लक्ष्मीनारायण यांचंच राहिलं. नाव राहावं म्हणून वेगळा ट्रस्ट काढावाच लागतो, असं मला म्हणूनच वाटत नाही.

अमेरिकेतली मुलं आईवडिलांना तिकडची पद्धत सांगतात : मालमत्ता ट्रस्टला द्या, हयातभर उत्पन्न घ्या, उरलेलं धर्मादायाला जाऊ द्या. इकडं ते जसंच्या तसं जमत नाही. धर्मादाय ट्रस्टचा पैसा दात्याकडं किंवा त्याच्या नातेवाइकांकडं वळला, की आयकराची सूट अडचणीत येते. मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा करही आपल्याकडं १९८५ मध्येच गेला. तो वाचवण्यासाठी ही खटपट करण्याचं कारण उरलेलं नाही. राहता फ्लॅट बक्षीसपत्रानं देऊन मोकळं होणारे दाते पाहिले की मला धास्ती वाटते. बक्षीसपत्र मनात आलं म्हणून फिरवता येत नाही आणि म्हातारपणाचा दवाखाना सांगून येत नाही. मृत्युपत्र मात्र शुद्ध असेपर्यंत कितीदाही बदलता येतं.

तेव्हा ज्यांना द्यायचंच आहे त्यांनी मालमत्ता हयातभर आपल्या नावावर ठेवावी. मृत्युपत्रात आधी जोडीदाराला तहहयात उपभोग द्यावा आणि त्यानंतर हिशेब चोख असलेल्या एखाद्या जुन्या संस्थेला मालमत्ता द्यावी. संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा, मृत्युपत्राचा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) आपल्याहून वयानं लहान नेमा, आणि मुलांना हे आजच सांगून टाका.