दरीवरची काच

सेमिनरी हिल्सवर संध्याकाळी फिरताना मामांनीच विषय काढला. मामा बांधकाम खात्यातले निवृत्त अभियंते. पुलाची गोष्ट निघाली की त्यांचे पाय थांबतात.

"चिखलदऱ्याचा स्कायवॉक व्हायलाच पाहिजे. गोरघाट ते हरिकेन पॉइंट, 407 मीटर, केबलवर तोललेली काच! सिडकोनं काम काढलं अन् वन्यजीव मंडळाच्या परवानगीत वर्षं गेली. वाघाच्या नावानं माणसाची रोजी किती दिवस अडवायची?"

"कोणाची रोजी, मामा?"

"मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची. होळीचे पाच दिवस गावात, मग चालले वीटभट्टीवर. माझ्या साइटवर एक जोडपं होतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची झोळी करून त्यात बाळ निजवायचे. दिवसभर धूळ. आता सांग, तुझ्या जंगलानं त्या बाळाला काय दिलं?"

मला लगेच बोलता आलं नाही. नागपुरात बसून जंगलाची बाजू घेणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रश्न टाळायची सवय झाली आहे.

"जंगलानं पुरेसं दिलं नाही, हे खरं," मी म्हटलं. "पण पूल त्याला काय देईल? पार्किंगच्या पावत्या फाडायचं काम? चीनमध्ये झांगजियाजिएला असाच काचेचा पूल 2016 मध्ये उघडला आणि 13 दिवसांत बंद करावा लागला. दिवसाला 8 हजार माणसांची सोय होती, यायला बघणारे लोक दहापट. पूल मजबूतच होता. गर्दी आवरली नाही. आपलं चिखलदरा तर पाच-सहा हजार वस्तीचं गाव."

"लोकांनी पाहूच नाही का मग?"

"पाहावं ना. गोरघाटच्या कठड्यापाशी उभं राहिलं की ती दरी आजही दिसते, फुकट दिसते. मागच्या ऑगस्टमध्ये आईला नेलं होतं. दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली. आई कठडा धरून नुसती पाण्याचा आवाज ऐकत राहिली. शेजारी एक बाई सिगडीवर कणसं भाजत होती; निखाऱ्यावर पावसाचे थेंब पडून चर्र वाजत होते. खरी गर्दी त्याच दिवसांत असते, मामा. तेव्हा काचेखाली पांढऱ्या धुक्याशिवाय काय दिसणार? दरी तर आहेच. तिकीट लागणार ते पायाखालच्या भीतीला."

मामा बाकावर बसले. "भीतीचंच तिकीट म्हण. पैसा तर येईल."

"पैसा येईल, पण पाणी? त्याच तालुक्यातलं खडीमल आठवा. उन्हाळ्यात विहिरीत टँकर रिकामा करतात आणि काठावर बायापोरं दोर-बादल्या घेऊन तुटून पडतात. ज्याच्या हाती जेवढं लागेल तेवढं, तेही गढूळ. वर हॉटेलं वाढली की त्यांच्या टाक्या कुठून भरणार?"

"पाणीपुरवठ्याची योजना वेगळी असते. तिचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो."

"पैसा वेगळ्या खात्यातून येईल, मामा. पाणी त्याच डोंगरातलं आहे."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अन् झालं तेवढं बांधकाम गंजू द्यायचं? तोही पैसा लोकांचाच."

हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. पण त्याच मेळघाटातून व्याघ्रप्रकल्पासाठी बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली. पूल त्या गावांच्या जागेवर नाही, हे मला माहीत आहे. तरी जंगलासाठी कोरकूंनी घरं सोडायची आणि त्याच जंगलाच्या उंबरठ्यावर आपण गर्दी बोलवायची, हा हिशेब मला पटत नाही. पूल पुरा करायचाच असेल तर तीन गोष्टी आधी कागदावर याव्यात: रोज किती माणसं सोडणार, तिकिटातला किती वाटा ग्रामसभांना, आणि उन्हाळ्यात वाड्यांना पाणी कुठून. तोवर पूल उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"मी असतो तर पाण्याचं पहिलं लिहिलं असतं," मामा उठता उठता म्हणाले.

तुम्ही पावसाळ्यात चिखलदऱ्याला जातच असाल. एकदा मे महिन्यातही जा, आणि पॉइंट पाहून झाले की खाली एखाद्या वाडीच्या विहिरीपाशी थोडा वेळ थांबा.